अननसाचे केक

च्याई शहरातल्या बालरुग्णालयात तापलेल्या नातवाला मांडीवर घेऊन लाई आजोबा नंबराची वाट बघत होते. शेजारच्या बाकावरच्या दोघींचं बोलणं त्यांच्या कानावर पडतच होतं.

“डबा कुणाला गं?”

“इमर्जन्सीतल्या फान सिस्टरना, मावशी. माझ्या बाळाचं हृदय बंद पडलं होतं. दोन अंगठ्यांनी छाती दाबत राहिल्या, वीस मिनिटं. सोडलं नाही त्यांनी.”

“आणि त्यांना तू अननसाचे केक देणार?”

“शुभ असतात ना? भरभराट होते म्हणतात.”

“होते की! पेशंटची. अगं वेडे, त्या वॉर्डात कुणी अननस खाल्ला की पोरांची रीघ लागते. बारा वर्षं फरशी पुसलीय मी तिथे.”

“अगं बाई! आता?”

“लपव आधी. सिस्टरच येतायत बघ!”

“काय लपवतेस गं? बाळ कसंय?”

“रांगतंय, सिस्टर. हे... अननसाचे केक आहेत. तुमच्या वॉर्डात अननस चालत नाही हे मला खरंच माहीत नव्हतं. उद्या दुसरं काहीतरी आणते.”

“त्या दिवशी आमच्यापैकी कुणी अननसाला हातही लावला नव्हता. तरी तुझं बाळ आलंच ना? आण तो डबा.”