काच साफ करणारा मासा

नाही हो, त्या जाळीत नाही यायचा तो. मोठी जाळी बाल्कनीत आहे, देते मी. टँक न्यायच्या आधी त्यातली झाडं काढून घ्या म्हणजे बरं, पाणी उपसताना मुळं तुटतात. हा चिमटा घ्या — लांब आहे, दवाखान्यातला वाटतो ना? तसाच आहे. माझे वडील आयुष्यभर दातांच्या कवळ्या करायचे. निवृत्त झाले तेव्हा सगळी हत्यारं वाटून टाकली, हा एक मागे ठेवला, रोपं लावायला. बघा ना, एकेक काडी कशी ओळीत उभी आहे. जरा हळू बोलूया हं, बाबा आत झोपलेत.

हे हिरवे गोळे? शेवाळच ते, मॉस बॉल म्हणतात. टँकच्याच पाण्यात हलकेच पिळायचे, तळहातावर फिरवून गोल करायचे आणि परत ठेवताना खालची बाजू वर. एवढं केलं की वर्षानुवर्षं राहतात. हा एक चपटा झालाय, तो मध्यंतरी कुणी फिरवला नाही म्हणून. बाबा हल्ली टँकला हात लावत नाहीत. मीच आपलं येता-जाता फिरवते — मला कुठे जमतंय त्यांच्यासारखं.

आई गेल्यावर बाबांनी आणला हा टँक. खिडकीपाशी ठेवला, ऊन लागायचं, काच सारखी हिरवी व्हायची. बाबांचं म्हणणं, मॉस बॉल टाकलेत, झाडं वाढतायत, ती पाण्यातलं खाणं ओढून घेतील, मग काचेवरचं शेवाळ आपोआप कमी होईल, थोडा धीर धरा. आता धीर कुणाला? मला नव्हता. मी डबा घेऊन यायची ती घाईतच, ती हिरवी काच दिसली की वाटायचं, बघा, एकट्याने होत नाही यांच्याच्याने. म्हणून त्यांच्या वाढदिवसाला दुकानात गेले, शेवाळ खाणारा मासा मागितला. करंगळीएवढा होता तेव्हा, अंगावर सोनेरी रेघ. महिनाभरात काच लख्ख. बाबा येईल त्याला सांगायचे, लेकीने कामाला माणूस ठेवलाय म्हणून.

बाकीचे मासे ना? ते गेले. वय झालं होतं त्यांचं.

हो, तोच हा. काय म्हणालात? — तुम्हाला माहीत आहे तर. तुमच्याकडेही होता?

मग तुम्हाला कशाला फसवू. वय नव्हतं झालं. हा वाढला, आणि वाढल्यावर याला शेवाळ नको झालं. ते मोठे चपटे मासे होते ना, संथ फिरणारे, त्यांच्या अंगाला जाऊन चिकटायचा. अंगावरचा बुळबुळीत थर चोखून काढायचा. मग तिथे पांढरा डाग, मग जखम, मग एक दिवस मासा वर तरंगताना दिसायचा. बाबांना काही कळेना. पाणी बदललं, औषध टाकलं, दुकानदाराला विचारून झालं. मी मात्र पाहिलं. दुपारी डबा घेऊन आले, बाबांचा डोळा लागला होता, आणि हा त्या सगळ्यात जुन्या माशाच्या कुशीला लागलेला. इथेच उभी होते मी. फोनवर शोधलं तर सगळं लिहिलेलं.

सांगणारच होते, खरंच. चहा ठेवला, बाबा उठून आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मीच दोनदा दाणे टाकत असेन गं. टाकलेले मला आठवत नसणार. पाणी त्यानेच नासलं."

आणि मी गप्प बसले. का? तर भाऊ आणि मी कधीचे त्यांच्या मागे लागलो होतो, हे घर सोडा, माझ्याकडे चला. जिन्यावर एकदा पडले होते ते, आमचा जीव थाऱ्यावर नसायचा. आणि त्यांचं एकच उत्तर — "हा टँक सांभाळतोय ना मी, तसा स्वतःलाही सांभाळेन." म्हणजे तुम्हीच सांगा, मला आयतं निमित्त — नाही, तुम्ही नका सांगू. त्या दिवशी मी एवढंच म्हटलं, "होतं असं बाबा, वयाने होतं." तेवढंच. आठवड्यात ते यायला तयार झाले. भाऊ फोनवर म्हणाला, ताई, तू कसं काय पटवलंस? मी म्हटलं, गोडीगुलाबीने.

पण ते तिथे थांबलं नाही हो. गॅस पेटवायचं सोडलं त्यांनी. किल्ली माझ्याकडे देऊन टाकली. गोळी घेतली की मला विचारतात, घेतली का मी? डॉक्टर म्हणाले यांच्या स्मरणशक्तीला काही झालेलं नाही, तर बाबा त्यांनाच समजावायला लागले, अहो, मी माझे मासे मारले. आता शब्दही अडतात त्यांना. खरंच अडतात. आणि हा मासा मी अजून टँकमध्येच ठेवलाय, बाहेर काढला तर ते विचारतील का काढलास. उद्या सामान हलवायचंय. तुम्ही टँक घेऊन गेलात की विषयच संपला, असं मी कालपर्यंत —

बाबा? उठलात? या ना, बसा. हे टँक न्यायला आलेत. हो, झाडं नीट काढतायत, तुमचाच चिमटा दिलाय. नाही, मोडणार नाहीत.

बाबा, ते दाण्यांचं नका सांगू त्यांना. ते दाणे जपूनच टाकतील. तुमच्यासारखं काय? — बाबा, ऐका. तुम्ही दोनदा दाणे नव्हते टाकलेत. एकदाही नाही. नाही, बरं वाटावं म्हणून नाही म्हणत. मला ठाऊक आहे. तेव्हाही ठाऊक होतं. थांबा, आधी बसा, मग सांगते.

अहो, तुम्ही आता या. टँकचं राहू द्या, तो द्यायचा की नाही ते बाबा ठरवतील. तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा. चिमटा तेवढा त्यांच्या हातात द्या — आणि जाताना दार ओढून घ्या.