दोन म्हणजे ठीक

—दोन. हां, ऐकलं. दोन म्हणजे ठीक, तीन म्हणजे पंप थांबव, आणि काहीच नाही म्हणजे… ते असू दे. तू ठोकत राहा, ब्रॉन, मी वरून बोलत राहतो. हीच पद्धत आहे आपली. तुझ्या तोंडावर मास्क, खाली तुला बोलता येत नाही, म्हणून खालच्यानं पान्यानं भिंतीवर ठोकायचं आणि वरच्यानं तोंड चालू ठेवायचं— काहीही बोल, गाणी म्हण, शिव्या दे, पण गप्प बसू नकोस— म्हणजे खालच्याला कळतं की झाकणापाशी माणूस आहे. जमिनीखालची टाकी घुमते, त्यामुळं माझा एकेक शब्द पोचत असणार तुला. कंटाळशील! पहिलाच दिवस तुझा, आणि नशिबी हा डेस फिट्झनर. बायको म्हणायची, तुला टाकीत पुरलं तरी तू तळातून बडबडशील. पुढच्याच वर्षी गेली बिचारी. माझ्यामुळं नव्हे, किडनीनं.

पंपाची सोंड सावकाश फिरव गं. घाई केलीस की गाळ उठतो, पाणी गढूळ होतं आणि मग तळ दिसत नाही. वरचा थर राखाडी, पिठासारखा— ती सगळी शेतांची धूळ, वाऱ्यानं छपरावर आणलेली, पावसानं खाली लोटलेली. या मॅलीच्या कोरड्या मुलखात माणूस शेजाऱ्याची अर्धी जमीन पिऊन मोठा होतो. त्याच्याखाली पानं, पाखरांची घाण, मेलेले बेडूक. आणि अगदी खाली काळा थर, डांबरासारखा, तो सोंडेत येत नाही— तो रबरी फळीनं मधल्या खळग्याकडं लोटायचा. भिंत मात्र खरवडू नकोस. सिमेंटचा गिलावा शंभर वर्षांचा आहे, सुटला की टाकी गळायला लागेल आणि मालकीण नॉस्केबाई माझी चामडी सोलतील. वर काय शोधतेस, शिडी? शिडी मी वर घेतली. खाली ती सोंडेच्या आड येते. हवी तेव्हा सोडतो की, मी कुठं जातोय?

तीन? थांब… थांबवला पंप. काय झालं? बादली ओढू? ओढतो. काय पाठवलंयस… गाला पाखराचं हाडूक. दे टाकून. हे बाटलीचं बूच. आणि हा… चमचा आहे. चहाचा चमचा.

हो हो, बघतोय. दांड्यावर गुलाब आहे. नॉस्केबाईंच्या सेटमधला. टाकीत काय सापडेल नेम नाही, मला एकदा दातांची कवळी सापडली होती, मालक म्हणाला माझी नाही आणि तोंडात एक दात नव्हता! पंप चालू करतोय. ठोक… दोन. शाब्बास.

गरम होतंय ना खाली? वर तर भट्टी आहे. उत्तरेचा वारा सकाळपासून, वाळवंटाचा श्वास नुसता. दुपारी फिरणार म्हणाले रेडिओवर, तीनच्या सुमाराला नैऋत्येचा थंड वारा येईल. तू खाली उतरताना बघितलंस ना, गाडी कुठं लावली मी? दक्षिणेला. पंपाचं इंजिन गाडीवर, पेट्रोलचं, त्याचा धूर वाऱ्याबरोबर टाकीपासून लांब जायला हवा. पंखा हा इथं माझ्या पायाशी, तो वरची हवा ओढतो आणि पाइपानं तुझ्याकडं ढकलतो. वरची हवा चांगली तर तुझी चांगली. एवढं सोपं आहे. पेट्रोलच्या धुराला वास असतो, पण मारणारं जे असतं ना त्यात, त्याला नसतो. तुझा मास्क धूळ अडवतो, ते नाही अडवत. माणसाला नुसती झोप येते. ते पिवळं यंत्र असतं, विषारी हवा लागली की टीं टीं करणारं— ते गाडीतच आहे, चिखलात गेलं की बिघडतं. मी आहे ना.

लाइलचं सकाळी विचारत होतीस गाडीत. नाहीतरी सांगतोच मी, सगळ्यांना सांगतो. दरवर्षी अग्निशमनवाल्यांच्या शेडमध्ये मला सावधगिरीचं सांगायला बोलावतात, शेतकरी रांगेत बसतात, सॉसेज भाजून होईपर्यंत डेस बोलतो. लाइल हेबरफील्ड, अकरा वर्षं माझा भागीदार. बावीस वर्षांपूर्वी, याच टाकीत. हो, याच. म्हणून तर बाईंनी ही कुणाला साफ करू दिली नाही इतकी वर्षं, नुसती मेंढ्यांना पाजली. तर झालं असं की पंप जुना, ओढ धरेना. पाणी खोल, वरून खेचलंच जाईना. आणि मी गाडीपाशी वायसर शोधत होतो तेवढ्यात लाइलनं काय केलं— आग विझवायला पाण्याचा छोटा पंप असतो ना, पेट्रोलवर चालणारा, प्रत्येक शेतकऱ्याकडं असतो— तो दोरीनं आत उतरवून घेतला, आतल्या कट्ट्यावर ठेवला आणि चालू केला. टाकीच्या आत! पाणी जवळ तर ओढ सोपी. सगळे करतात. इथं निम्म्या लोकांनी कधी ना कधी केलंय आणि वाचलेत, म्हणून तर पुन्हा करतात. लाइल नाही वाचला. आता इथं म्हणच पडलीये, कुणी काही अक्कलशून्य करायला गेलं की म्हणतात, 'लाइलगिरी करू नकोस.' शाळेतली पोरंसुद्धा म्हणतात, कोण लाइल ते माहीत नसतं त्यांना.

ठोक गं. …दोन. जरा उशिरा ठोकलंस.

तर मी झाकणापाशी आलो, हाक मारली, उत्तर नाही. मी आत उतरलो नाही. हा धडा आहे, नीट ऐक— उतरायचं नाही. एकाच्या मागं दुसरा उतरतो आणि दोन शवपेट्या निघतात. मी उतरलो नाही म्हणून मला प्रशस्तिपत्र मिळालं, काचेत लावलंय. डोकं थंड ठेवलं म्हणे. चौकशी करणाऱ्या साहेबानं माझा हात हातात घेतला होता.

तीन? पुन्हा तीन? थांबवला. …काय? बादली रिकामी आहे. सोंड अडकली? मग? दोन. ठीक तर ठीक. हात दुखत असतील तुझे. चालू करतो.

तो चमचा खिशात टोचतोय मला. विचारशील, टाकीत चमचा कसा? पडला असेल. बाई इथंच चहा आणतात कधीकधी. म्हणजे तेव्हा आणत नव्हत्या, तेव्हा हाक मारायच्या, ओसरीवर जावं लागायचं. या भागात चहाला हाक आली आणि तू गेली नाहीस तर बाई तीन वर्षं तुझ्याशी नीट बोलणार नाही. कामावरचा माणूस झाला तरी तो पाहुणा, त्याच्यासाठी सकाळी केक भाजलेला असतो. लिंबाचा केक. वरून साखर किसलेल्या लिंबाबरोबर घातलेली, कडक झालेली. त्या दिवशी अजून गरम होता.

आता तू म्हणशील, डेस, तुला कसं माहीत गरम होता?

थोडा वेळ बसलो असेन. पाच मिनिटं. लाइलनंच म्हटलं जा म्हणून. नाही, म्हटलं नाही त्यानं, ठोकलं. मी ओरडलो, 'बाई बोलावतेय, जाऊन येतो,' त्यानं दोन ठोकलं. दोन म्हणजे ठीकच ना? तुला सांगतो, त्या माणसाला ठोकायची खोडच होती. त्याच्या घरामागं पत्र्याची टाकी होती, पाणी किती उरलं ते बघायला आपण ठोकतो तशी, पण हा वेगळं ठोकायचा. संध्याकाळी मी त्याला सोडलं की आधी टाकीपाशी जायचा, दोनदा ठोकायचा, जरा थांबून एकदा. लगेच पलीकडून तसंच ठोकलेलं ऐकू यायचं. मुलगी होती त्याची, आठ वर्षांची, चिमणी म्हणायचा तिला. खरं नाव मला कधी कळलंच नाही. तो गेल्यावर आई तिला घेऊन पर्थकडं गेली. बरं झालं. इथं राहिली असती तर शाळेत रोज 'लाइलगिरी' ऐकलं असतं तिनं.

तीन. आता काय झालं गं? थांबवत नाही मी, गाळ बसेल पुन्हा. चालू दे.

हे बघ, मी वाईट माणूस नाही. त्या दिवशी आम्हाला दोन टाक्या करायच्या होत्या. पाऊस वर्तवला होता, सगळ्यांना त्याच पंधरवड्यात टाकी साफ हवी असते, त्याआधी पाच महिने कुणाला सुचत नाही. लाइल खालून ओरडला, तेव्हा मास्क नव्हते, पंप बंद असला की ओरडता यायचं, म्हणाला, 'डेस, हा पंप काढ इथून, मी बादल्यांनी करतो.' मी म्हटलं, 'बादल्यांनी रात्र होईल. दहा मिनिटं फक्त.' दोरी माझ्याच हातात होती. मीच सोडला पंप, त्यानं नको म्हणत घेतला. माझ्या शब्दाबाहेर नव्हता तो. मग केक. मग बाई म्हणाल्या, दुसरा कप घे, आणि मी दुसरा घेतला. साखर ढवळत होतो आणि मध्येच लक्षात आलं की बराच वेळ झाला, ठोकलेलं ऐकू येत नाही. पळत आलो. चमचा हातातच राहिला होता. वाकून हाक मारली तेव्हा पडला असणार आत.

हे मी शेडमध्ये सांगत नाही. तुला का सांगितलं? इथं बसलो म्हणून. बावीस वर्षांनी याच दगडावर बसलोय. आणि तू परकी, ॲडलेडची, उद्या दुसरं काम बघशील. बाईंनी पण सांगितलं नाही कधी. साहेबानं विचारलं नाही, त्या बोलल्या नाहीत. मला लाज वाटते, ब्रॉन. रोज वाटते. पण मेलेल्या माणसाला दोष चिकटला तर त्याचं काय बिघडतं? मला मात्र इथंच राहायचं होतं.

ठोक.

ब्रॉन, ठोक गं. दिवा हलत नाहीये तुझा. रागावलीस? म्हाताऱ्यानं मनातलं सांगितलं तर—

हे काय ठोकलंस?

पुन्हा ठोक.

दोन. थांबून एक.

हे मी नाही शिकवलं तुला.

…आठवड्यापूर्वी दारात उभी राहिलीस. म्हणालीस, काहीही काम करेन, टाकीत उतरायला भीत नाही. आणि विचारलंस, नॉस्केबाईंची टाकी कधी आहे. मला वाटलं, कुणाकडून तरी ऐकलं असेल. आज गाडीत लाइलचं विचारलंस तेव्हा बाहेर बघत होतीस. मास्क घातलास तेव्हा वर फक्त डोळे राहिले, आणि मला वाटलं, हे डोळे कुठं पाहिलेत, आणि मी शिडी खाली सोडली तुझ्यासाठी. स्वतःच्या हातानं.

चिमणे. केवढी झालीस.

कुणाला सांगून आलीस इथं? आईला? नवरा आहे? डोकं हलव, दिसतंय मला. नाही. कुणालाच नाही. बापावर गेलीस, सगळं एकटीनं करायचं. मग आता काय करशील? वर येशील, शहरात जाऊन सांगशील. 'लाइलगिरी' पुसून टाकशील. बरोबर आहे तुझं. लेक आहेस, केलंच पाहिजे. मग शेडमध्ये काय म्हणतील गं? पुढं माझं नाव घेतील. पोरं म्हणतील, डेसगिरी करू नकोस. अडुसष्टाव्या वर्षी मी कुठल्या गावात जाऊ? मी तुझ्या बापाला मारलं नाही. मी चहा प्यायलो. एवढंच केलं मी.

तीन. ऐकलं. शिडीला तीन नसतात, चिमणे, पंपाला असतात.

गार लागलं बघ. मानेवर. लागलं का तुला खाली? वारा फिरला. वेळेच्या आधीच आला, पाऊण तास तरी आधी. दक्षिणेकडून येतोय. धूर बघ, सरळ माझ्याच तोंडावर. गाडी हलवायला हवी आता. दोन मिनिटांचं काम आहे— इंजिन बंद, गाडी पलीकडं, इंजिन चालू. पंखा इथली हवा ओढतोय ना सगळी.

हलवतो.

…बाई हाक मारतेय. ऐकलंस? ओसरीत उभी आहे, ऐंशीची झाली तरी आवाज खणखणीत. 'डेस, किटली उकळली!' …येतो, बाई, येतो! …नाही म्हणता येत नाही गं तिला, केक भाजला असेल सकाळी. चमचा पण परत द्यायचा आहे तिचा. आल्यावर हलवतो गाडी. शिडीही आल्यावरच. एकच कप घेतो, दुसरा नाही घेत.

तू ठोकत राहा, चिमणे. मी बोलत नसलो तरी ठोकत राहा.