हो म्हणणारी मान

घरी? घरी काय होणार, मॅडम — काही होत नाही. सकाळी उठवते, तोंड धुऊन देते, तुम्ही दिलेली चित्रं समोर मांडते — हे काय, कप — हे काय, चावी — आणि म्हणतातसुद्धा, मूड असला की. आता तुम्ही म्हणता माझ्यासमोर तोंड मिटून घेतात, एकटे असले की तुमच्याशी बोलतात — तर असेल. तुम्ही शिकलेल्या आहात, वाचा गेलेल्या माणसांवर संशोधन करता, तुमच्याशी बोलतील. बायकोशी कोण बोलतं? नाही, चेष्टा केली. ते बाहेर बाकावर बसलेत, आवाज जाईल, हळू बोलते.

बघा, 'हळू' म्हटलं मी. हाच एक शब्द उरला होता त्यांच्याकडे, आठवतं ना? गाडी शिकवायचे — सगळा जन्म शेजारच्या सीटवर बसून ओरडण्यात गेला. आरसा बघ, क्लच सोड, हळू, अहो हळू! आणि झटका आला, उजवा हात गेला, जीभ गेली, आणि राहिलं काय, तर हळू. पाणी हवं, हळू. चहा गार झाला, हळू. माझी नणंद डोळ्यांत पाणी आणून विचारते, दादा, ओळखलंस का मला — तिलाही हळू! हसलो आम्ही, मॅडम. हसलो आणि मग दोघी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. तुम्ही म्हणालात, शब्द पुसले गेले नाहीत, आत आहेत, वाट मोडलीय फक्त. त्या वाक्यावर मी जगतेय. आत आहेत ना? मग बाहेर काढा. मला फार नकोत हो — एक पत्ता हवाय.

बोलून गेले. जाऊ दे, आता सांगतेच.

मुलगी आहे आम्हाला. फोटो दिलाय ना मी तुमच्या त्या चित्रांमध्ये, तीच. घर सोडून गेली — माझ्याशी बिनसलं होतं, त्यात आता शिरत नाही — नंबर बदलला, नोकरी बदलली, कुठे आहे ठाऊक नाही. हे शोधत होते, मला न सांगता. आणि ज्या दिवशी झटका आला ना, त्या दिवशी बाहेरून आले, चपला काढल्या, खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "भेटली गं. ऐक—" आणि तोंड वाकडं झालं. मला वाटलं, रडू दाबतायत. मी म्हणतेय, अहो सांगा ना, कुठे भेटली, बरी आहे ना — आणि ते माझ्याकडे बघतायत नुसते, आणि लाळ गळतेय.

मग मी काय करायचं? तुम्ही माझ्या जागी असता तर? मी फोटो धरते समोर. रोज. जेवणाआधी, जेवणानंतर, औषध देताना. कुठे आहे? कुठे? तोंड फिरवतात. मी हनुवटी धरून परत वळवते — नाही, मारत नाही हो! हात नाही उचलला कधी. पण परवा मीच घास हातात धरून बसले, आधी सांगा म्हणून — ते रडायला लागले तेव्हा भरवला. बघू नका असं माझ्याकडे.

टॅक्सीचं माहीत नाही तुम्हाला. टॅक्सी करून फिरवलं मी त्यांना, गल्ली गल्ली. ही इमारत? मान हलवतात, हो. मी उतरून जिने चढते, बेल दाबते, कोणी भलताच माणूस दार उघडतो. पुढची? हो. तीही नाही. एका घरात तर बाईने मला पाणी दिलं, बसा म्हणाली, आणि मी तिच्याच मुलीकडे बघत बसले. टॅक्सीवाला शेवटी म्हणाला, ताई, साहेब सगळ्यालाच हो म्हणतायत. तुम्ही सांगितलं होतंत की, या आजारात हो-नाहीच्या मानेचा भरवसा नसतो. ऐकलं होतं मी. पण समोर नवरा हो म्हणत असताना कोणती बाई खाली उतरणार नाही, सांगा?

म्हणून म्हणते, तुमचं ते कप-चावी बंद करा. पत्ता शिकवा. रस्त्यांची नावं घ्या, एकेक. हा अभ्यास संपला की दुसऱ्यात घाला त्यांना, माझ्यावर करा काय करायचं ते, पण—

काय?

बोलले? कधी? काल?

फोटोवर बोट ठेवून? डावं बोट. मग? म्हणा तुम्ही, जसं म्हणाले तसं म्हणा.

'आई नको म्हणाली.'

थांबा. 'आई नको म्हणाली' — म्हणजे मी नको म्हणाले, असं होतं ना ते? तसंच होतं. पण मी कधी — मी तर शोधतेय तिला, मी कशाला नको म्हणेन! तुम्हीच सांगता, शब्दांची शेपटं गळतात, 'आईला'चं 'आई' होतं, कोण कोणाला म्हणालं ते कळत नाही... बोट फोटोवर होतं. तिच्यावर. तुम्ही परत विचारलंत? 'ही म्हणाली?' म्हणून? आणि त्यांनी मान— मान नाही. तोंडाने. 'ही' म्हणाले.

आणि मग माझ्याकडे? मी बाहेर बसले होते, त्या दाराकडे बघून ओठांवर बोट.

'आईला नको', असं ती म्हणाली. म्हणजे आठवत होतं. एवढे दिवस मी हनुवटी धरतेय, आणि हा माणूस...

तीन शब्द आहेत, मॅडम. याआधी त्यांनी तीन कधी जोडले नव्हते ना? तुमच्या अभ्यासात चांगलं धरतात का असं? धरत असतील. धरा.

नाही, पाणी नको. एवढं करा — मला कळलं हे त्यांना सांगू नका. आणि ते वाक्य परत काढून घेऊ नका त्यांच्याकडून, दुसरं काहीही शिकवा. भूक लागली शिकवा. पंखा लाव शिकवा. चेहरा बरा दिसतोय ना माझा? मग बोलवा त्यांना आत. बोलवा, उशीर होतोय तुम्हाला.