लाईट सोडू का?

पुंजाराम : पन मीच कशाला, म्हनतो मी? सविता हाय की. बायकोच्या हाताला गुन आसतो.

सहादेव : सविता पाठीला चकत्या लावंल. बटन तू दाबायचं, दादा.

मेहताब मॅडम : घाबरू नका काका. सहा महिने इथं संगमनेरच्या दवाखान्यात मीच हे करतेय. पाठीवरच्या या चकत्यांमधून मणक्याला बारीक करंट जातो. खांबावरून पडले तेव्हा मणक्यातली नस पुरती तुटली नव्हती, थोडी शिल्लक होती. करंट असला की पायांना निरोप पोचतो आणि हे उभे राहतात. बंद झाला की गुडघे दुमडतात. आता सराव घरी करायचा, म्हणून घरातल्या एकाला शिकवायचंय. यांनी तुमचं नाव दिलं. करंट मी लॉक केलाय, तुमच्या हातून वाढणार नाही.

पुंजाराम : त्ये खरं, पर हा वायरमन आन मी शेतकरी गडी. मला करंटातलं काय कळतंय?

सहादेव : डीपीत तार घालायचं बरं कळलं.

पुंजाराम : सहादेव, परक्या मानसाम्होरं कशाला...

मेहताब मॅडम : कसली तार?

सहादेव : सांग की. न्हाई? मग मी सांगतो. म्याडम, हा माझा चुलतभाऊ. दोन वर्सांमागं ह्याच्याच मळ्याची लाईन जोडाया खांबावर चढलो. चढायच्या आदी डीपीचे, म्हंजी ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढून खिशात घातले. आमच्या धंद्यात खालचा हाळी देऊन इचारतो, 'लाईट सोडू का?' वरनं 'सोड' आलं तरच सोडायची. ह्येची डाळिंबं सुकाया लागली हुती. ह्येनं फ्यूजच्या जागी तारंचा तुकडा घातला. इचारलं न्हाई.

पुंजाराम : आरं, मला वाटलं तू उतरलास. आठच तास लाईट, त्यात निम्मा येळ गेलेला. चुकलं माझं. पर झालं गेलं गंगेला मिळालं. आठवड्यातनं तीनदा माझ्या जीपमदी तुला आनतो का न्हाई?

सहादेव : आनतोस. गाव म्हनतंय, भाऊ आसावा तर पुंजारामासारखा. आन मला काय म्हनतंय? सहादेव फ्यूज न काढता चढला, आपल्या करनीनं पडला. हवालदाराला तसं कुनी लिहून दिलं? वीस वर्सं खांबावर चढलो, म्याडम. आज नवा वायरमन चढाया लागला की त्याला सांगत्यात, सहादेवासारखं करू नगं. पाय गेले त्याचं एक येळ सोसलं. हे न्हाई सोसत.

पुंजाराम : फ्यूज तू काढले हुते, ह्याला काय पुरावा हाय का?

सहादेव : ही पिशवी उघड.

पुंजाराम : हे फ्यूज... कुठं घावले?

सहादेव : दवाखान्यात माझी प्यांट कापली. सवितानं ती टाकली न्हाई, खिशासकट ठिवली. त्यांच्यावर लाल रंगाचा पट्टा दिसतो का? चोरीला जात्यात म्हनून तूच वढला हुतास, तुझ्या हातानं.

मेहताब मॅडम : सहादेवदादा, मला यातलं काही माहीत नव्हतं. दुसरं कुणी शिकायला आलं तरी चालेल. ज्यांच्यामुळं पडलात त्यांच्याच हातात बटण कशाला देता?

सहादेव : म्हनून तर देतो. सराव मी घरात करनार न्हाई, त्याच डीपीखाली करनार. सकाळी सातला समदं गाव तिथल्या डेअरीवर दूध घालाया येतं, त्यांच्याम्होरं. हे तिन्ही फ्यूज कट्ट्यावर मांडल्याले आसतील. कुनी इचारलं हे काय, तर दादा सांगंल. आन बटन दाबायच्या आदी रोज मला हाळी देऊन इचारंल.

पुंजाराम : रोज? किती दिस?

सहादेव : मी बिगर करंटाचा उभा ऱ्हाईपर्यंत.

पुंजाराम : आन न्हाईच ऱ्हायलास तर?

सहादेव : मग तुझी काठी टेकायची येळ येईपर्यंत.

पुंजाराम : न्हाई म्हनलो तर काय करशील?

सहादेव : काय न्हाई. फ्यूज मांडीवर घेऊन खुर्चीत बसंन आन येनाऱ्या-जानाऱ्याला सांगंन. त्ये तुला जास्त जड जाईल.

मेहताब मॅडम : हे तुमच्या घरातलं आहे, मी मध्ये पडत नाही. चकत्या बसल्यात. सहादेवदादा, दोन्ही हात वॉकरवर. काका, हिरवं बटण चालू, लाल बंद.

पुंजाराम : सोडू का?

सहादेव : ऐकू आलं न्हाई. मी खांबावर हाय.

पुंजाराम : लाईट सोडू का?

सहादेव : मळ्यात मारतोस तशी हाळी मार.

पुंजाराम : सहादेवा... लाईट सोडू का रं?

सहादेव : सोड.

(सहादेव वॉकरला धरून हळूहळू उभा राहतो.)

मेहताब मॅडम : गुडघे सरळ. छान. आता असेच राहा.

सहादेव : दोन वर्सं खुर्चीतनं तुझ्या सदऱ्याच्या गुंड्यांशी बोललो, दादा. आज डोळे दिसले.

पुंजाराम : झालं का समाधान? सांगंन मी गावाला. फ्यूज तू काढले हुते, म्हनून सांगंन.

सहादेव : त्ये तर तू सांगशीलच. पन एक सविताला बी ठावं न्हाई. पडलो तवा मी शुद्धीवर हुतो. पाय हलत नव्हते, डोळे उघडे हुते. तू पळत आलास, पर माझ्याकडं न्हाई. आदी डीपीकडं गेलास. तार काढलीस. हिरीवरल्या मोटारीच्या पेटीतले फ्यूज आनून बसवलेस, झाकन लावलंस. मंग आलास माझ्याकडं, रडत.

मेहताब मॅडम : तीन मिनिटं झाली, काका. अजून थोडं जमेल त्यांना, पण विचारून बंद करा.

पुंजाराम : सहादेव... बंद करू का?

सहादेव : थांब. फ्यूज बसवाया जेवढा येळ लागला हुता, तेवढा थांब.