लायसन पाण्याला दाखवा

अगं, आमच्या दहिसरच्या घरात बाथरूमची लादी बदलली ना, तो कॉन्ट्रॅक्टर उरलेले पैसे मागायला आला. मी म्हटलं, "उतार उलटा काढलात. पाणी जाळीकडे जायचं सोडून हॉलमध्ये येतंय. आधी ते नीट करा."

तर खिशातून कार्ड काढून म्हणतो, "मावशी, मी लायसनवाला माणूस. तुम्ही चौथी शिकलेल्या, तुम्हाला उतारातलं काय कळणार?"

मी भरलेली बादली उचलली आणि बाथरूममध्ये ओतली. पाणी दारातून बाहेर आलं ते थेट त्याच्या मोज्यांत. पाय वर घेऊन ओरडला, "अहो मावशी, हे काय!"

म्हटलं, "मला नाही ना कळत? मग ते लायसन पाण्याला दाखवा. जाळीकडे वळलं की पैसे घेऊन जा."