कुलपांच्या गावातली पाहणी

समान संधीचं मला सांगू नका, मी तिची पाहणी करून आलोय. सरकारी योजना सगळ्यांना सारख्या मिळतात का, हे विचारायला मला खर्ड्याजवळच्या एका गावात धाडलं, तेही ऐन डिसेंबरात. निम्म्या घरांना कुलपं. एका ओट्यावर म्हातारी बसलेली.

"आजी, माणसं कुठं गेली?"

"ऊसतोडीला. पाडव्याबिगर येत न्हाईत."

नगरला साहेबांना फोन लावला. म्हणाले, "बंद घरं सोडा. कुटुंबप्रमुख हजर असेल तिथंच विचारा."

हजर होते ते जमीनवाले. त्यांचं एकच उत्तर, "समद्यांना सारखंच मिळतं की!"

निघताना म्हातारीनं विचारलं, "आमचं काय लिवलं?"

मी गाडीला किक मारली.

अहवालात आलं, गावात भेदभाव नाही. साहेब खूश. पुढची पाहणीही डिसेंबरातच ठेवलीय.