पंख्यातला कोंडा

“धान जाते बाजारी, कोंडा राहते दारी,” सूप पाखडताना शकुनची आई गुणगुणायची. ती ओळ शकुनला आठवली ती लाखनीतल्या दुरुस्तीच्या दुकानात, मोबाइलची वाट पाहत बसली असताना. काउंटरपाशी एक बाप आणि त्याची लेक गेमिंग लॅपटॉप घेऊन उभे होते.

“दादा, काहीच चालू नाही, तरी पंच्याऐंशी डिग्री दाखवून राहिला.”

“एखादा गेम मागं चालू असंन, ताई.”

“सगळं बंद करून पाहिलं. मी होस्टेलवर होती, चार महिने हा घरीच होता. बाबा, तुमी तं हात नाही लावला?”

“मी? मले सुरू तरी करता येते का, पोरी!”

“थांबा, खोलतो... ताई, पंख्यात धानाचा कोंडा भरला आहे.”

“कोंडा? बाबा, तुमी राइस मिलमधी नेला लॅपटॉप?”

“डब्याच्या थैलीत नेत होतो.”

“जळला असता ना! कायले नेला?”

“मिलचा नवीन मालक म्हणे, वजनकाट्यावरचे जुने माणसं काढतो, कंप्युटर येते त्यालेच ठेवतो. जेवणाच्या सुटीत शिकून राहिलो होतो, पोरी. एका पावतीले वीस मिनिटं लागते. पण आता चुकत नाही.”